बऱ्याच वर्षांनी पुन्हा व्यायाम सुरू करताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतल्या पोरांना मैदानावर पळवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर प्रश्न विचारणारे बदलले. आता विचारतात ते पन्नाशी-साठी ओलांडलेले लोक. कधी त्या पोरांचे आईबाप, कधी खुद्द ती पोरंच, पोट सुटलेली आणि केस विरळ झालेली. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचा विषय येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

व्यायाम करायला पाहिजे हे कळतं ओ, पण मनच होत नाही. आधी मनाची तयारी कशी करायची?

करूच नका. मन तयार व्हायची वाट बघत लोकांची दहा-दहा वर्षं निघून गेलेली मी पाहिली आहेत. उमेद आधी येईल आणि मग आपण उठू, असा आपला समज असतो. पण बहुतेकांची उमेद दोन-तीन आठवडे चालून झाल्यावर, झोप जरा बरी लागायला लागली की येते. तोवर तिच्याशिवायच काम भागवायचं असतं.

त्यासाठी सुरुवात इतकी लहान ठेवा की तिला उमेद लागूच नये. चपला घालायच्या, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. बस. दुसऱ्या दिवशी अंगात जोर वाटला तरी तेवढंच. पहिल्या आठवड्यात हौसेने तासभर चालणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात हमखास दिसत नाही.

आणि वेळ नीट ठरवा. "उद्यापासून सकाळी चालणार" हे ठरवणं झालंच नाही. "चहाचा कप विसळून ठेवला की लगेच बूट घालणार" हे ठरवणं. कधी आणि कुठे हे आधी पक्कं केलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रात अनेकदा तपासून झालं आहे. रोज होणाऱ्या कुठल्यातरी गोष्टीला व्यायाम बांधून टाका: दूध आणणं, सिद्धेश्वराचं दर्शन, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं.

कॉलेजात असताना कबड्डी खेळायचो, दोनशे बैठका मारायचो. आता दुसऱ्या मजल्यावर जाताना धाप लागते. लाज वाटते.

हा प्रश्न पुरुष विचारतात, तोही इतर मंडळी निघून गेल्यावर, हळू आवाजात. खरं अडतं ते इथेच. कधीच व्यायाम न केलेला माणूस दहा मिनिटं चालून खूश होतो. जुना खेळाडू तेवढंच चालून खट्टू होतो, कारण त्याच्या डोक्यात विशीतला हिशोब चालू असतो. तो हिशोब बंद करून नवी वही उघडा. तुलना करायचीच असेल तर गेल्या महिन्यातल्या स्वतःशी करा.

एक मोठा धोकाही आहे. मनाला जुनी कसरत आठवते, पण सांध्यांची आणि स्नायूबंधांची ती सवय सुटलेली असते. माजी खेळाडू पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने सुरू करतात आणि पोटरी किंवा खांदा धरून घरी बसतात. तुमच्या बाजूनेही एक गोष्ट आहे: पूर्वी कमावलेली ताकद परत मिळवणं हे ती पहिल्यांदा कमावण्यापेक्षा साधारणपणे लवकर होतं. फक्त दोनशेची सुरुवात पाचपासून करायची.

वय ६८. आता सुरू करून काय उपयोग होतोय का?

होतो. १९९० साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टनच्या वृद्धाश्रमातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या लोकांचं सरासरी वय ९० होतं. त्यांच्याकडून आठ आठवडे पायांच्या ताकदीचे व्यायाम देखरेखीखाली करून घेतले. ज्यांनी ते पूर्ण केले, त्यांची मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं मोजकीच होती, हे खरं. पण या वयात स्नायू कमावता येत नाहीत ही समजूत त्या प्रयोगाने मोडली, आणि नंतरच्या अभ्यासांतही तेच दिसत आलं.

इथे लोक मला फौजा सिंग यांचं नाव ऐकवतात. ८९व्या वर्षी मॅरेथॉनकडे वळले आणि २०११ साली शंभरीत टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. माणूस थोरच. पण अशा गोष्टी ऐकून कुणी चालायला लागलेलं मी पाहिलेलं नाही. शेजारचे काका रोज कंबर तलावाला चक्कर मारून येताना दिसले की लोक उठतात.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे का?

सावकाश चालायला सुरुवात करणाऱ्या धडधाकट माणसाला त्यासाठी अडून बसायची गरज नाही. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर मात्र आधी विचारा. चालताना छातीत दाब किंवा दुखणं, ते दुखणं हातात-जबड्यात उतरणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप: यातलं काहीही झालं तर थांबा आणि त्याच दिवशी दाखवा. छातीतलं दुखणं थांबूनही ओसरलं नाही तर सरळ दवाखाना. "गॅस असेल" म्हणून सोडा पिऊन झोपणारे आपल्याकडे फार आहेत.

रोज दहा हजार पावलं चालायलाच हवीत का?

नाही. तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं. तिथून तो जगभर पसरला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात साठीपुढच्यांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढत गेलेला दिसला, पुढे तो साधारण स्थिरावला. आणि जो आज दोन हजारच चालतो, त्याने तीन केले तरी ती कमाईच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, दोन किंवा जास्त दिवस ताकदीचे व्यायाम, आणि ६५ नंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचेही. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. घड्याळाशिवाय चालणारं माप आहे हे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, त्यांनी तर नाडी मोजण्यापेक्षा हेच वापरावं.

१५० मिनिटं ऐकून घाबरू नका. ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

नुसतं चालणं पुरे नाही का?

नाही, आणि आपल्या गावात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. चालण्याने दम वाढतो. पण खाली बसून उठणं, पाण्याची कळशी उचलणं, बसची उंच पायरी चढणं, ठेच लागल्यावर सावरणं याला ताकद लागते. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटायला लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. पंगतीत मांडी घालून बसलेला माणूस एकदा उठताना शेजाऱ्याचा खांदा शोधायला लागला की समजावं.

जिमची गरज नाही. घरात करायच्या चार गोष्टी सांगतो.

भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची घ्या. हात छातीशी बांधून उठा, सावकाश बसा. पाच वेळा. हात न टेकता जमत नसेल तर टेका, नाहीतर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. दहा सहज जमले की थोडं थांबून पुन्हा दहा. या एका व्यायामावर मी बाकी सगळे ओवाळून टाकीन. मग भिंतीपासून हातभर दूर उभं राहून भिंतीवर जोर काढायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि खाली आणायच्या. शेवटी ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजेपर्यंत, मग दुसऱ्या पायावर. दात घासताना केलं तरी चालतं, पण फरशी ओली नको.

जोर लावताना श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. तोंडाने आकडे मोजत राहिलं की श्वास आपोआप चालू राहतो. हे आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

गुडघे दुखतात. चाललो तर अजून झिजतील की!

ही भीती इतकी पक्की बसलेली आहे की लोक गुडघा वाचवायला बसून राहतात, मांडीचे स्नायू आणखी ढिले होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. गुडघ्याच्या संधिवातात व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो. वर सांगितलेलं खुर्चीवरचं उठणं-बसणं गुडघ्यासाठीच आहे, बैठक उंच ठेवून करा.

किती चालावं याला एक सोपी खूण आहे. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या जड होणं वेगळं, ते स्नायूंचं दुखणं असतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. गुडघा सुजला, गरम लागला, अडकला किंवा मध्येच दगा देत असेल तर दाखवून घ्या.

एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा. कसं बाहेर पडायचं?

बाहेर पडायचंच असं नाही. अनेकांचा व्यायाम उन्हाळ्यात तुटतो तो कायमचा, म्हणून त्या दोन-अडीच महिन्यांसाठी वेगळी रीत आधीच ठरवून ठेवा. चालणं पहाटे, सूर्य वर यायच्या आत संपवायचं. संध्याकाळी सातला ऊन गेलेलं असतं, पण डांबर आणि भिंती तापलेल्याच असतात, आठच्या आधी खरा गारवा नसतो. ताकदीचे व्यायाम घरात पंख्याखाली. ज्यांना पहाट जमत नाही त्यांनी चालणं घरातच पाच-पाच मिनिटांचं करावं.

कोऱ्या पाटीने मे महिन्यात उन्हात सुरुवात करू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि वय वाढलं की तहान लागल्याचंही उशिरा कळतं. निघण्याआधी पाणी पिऊन निघा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांच्या पाण्यावर बंधन आहे, किंवा ज्यांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर सावलीत नेऊन अंग पाण्याने भिजवा, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

पावसाळ्याची सबब मात्र सोलापुरात कुणी सांगू नये.

चालायला कुठे जावं?

सिद्धेश्वर तलावाचा परिसर, किल्ल्याच्या बागेकडची बाजू, विजापूर रोडवरचा कंबर तलाव, म्हणजे कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव. पण माझं मत विचाराल तर घरापासून जवळची जागा सर्वांत उत्तम. जुळे सोलापुरातून गाडी काढून तलावावर जाणाऱ्यांचा उत्साह पेट्रोलच्या आधी संपतो. साखर पेठेतल्या बोळांत गाड्या आणि कुत्री यांची अडचण असते हे मान्य. तिथल्या लोकांनी वर्दळ सुरू व्हायच्या आत निघावं, हातात काठी ठेवावी.

दिवसभर काम असतंच की. भांडी, धुणं, स्वयंपाक. वेगळा व्यायाम कशाला?

बायका हे विचारतात तेव्हा त्यात थोडा रागही असतो, आणि तो रास्त आहे. घरकाम ही हालचाल आहेच, ती वाया जात नाही. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर झालेल्या अभ्यासात दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला होता. कामातली हालचाल मोजली जातेच.

पण कोणतं काम, हे बघावं लागतं. आपल्या गावात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळतात. हात सतत चालतात, पण मान वाकलेली, पाठ गोल, पाय दुमडलेले. त्यांना मी सांगतो की ठराविक विड्या वळून झाल्या की उठायचं, दारापर्यंत जाऊन यायचं, खांदे मागे फिरवायचे, टाचा दहा वेळा उचलायच्या. यंत्रमागावर उभ्याने पाळी करणाऱ्यांचं उलट. त्यांचे पाय आधीच थकलेले असतात. त्यांनी चालण्याच्या मागे न लागता पाठ, पोट आणि हातांच्या ताकदीकडे बघावं.

"लोक काय म्हणतील" हाही प्रश्न असतो. एकटीने निघायला संकोच वाटला तर जावेला, शेजारणीला घ्या. साडीवर बूट घालून चालणाऱ्या दोघी-तिघी एकत्र दिसल्या की आठवडाभरात कुणी वळूनही बघत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. उपाशीपोटी चालू का?

कोणत्या गोळ्या, त्यावर आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात, कधी काही तासांनी, अगदी रात्रीसुद्धा खाली जाऊ शकते. त्यांनी उपाशी निघू नये, आणि निघण्याआधी साखर ९०-१०० किंवा त्याच्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघावं. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज असावंच. घाम, थरथर, अचानक भूक, गरगरणं जाणवलं की थांबून तीन चमचे साखर. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फार कमी. जेवणानंतरचं दहा-पंधरा मिनिटांचं चालणं जेवणानंतर वाढणारी साखर आवरायला मदत करतं, रात्रीचं जेवण झाल्यावर तर जरूर करा.

पायांकडे रोज बघा. ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी उन्हाळ्यात दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. फोड आलेला कळत नाही, आणि मधुमेहात तो चिघळतो. सिद्धरामेश्वर पहाटेही भेटतात.

जिम लावू का?

आवडत असेल तर जरूर. पण वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा. आणि प्रशिक्षकाला रक्तदाब, जुनी दुखणी आधी सांगा. त्याने न विचारता वजनं हातात दिली तर दुसरी जिम बघा.

एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात. माझे एकवीस होऊन गेले, अजून रोज ओढूनच न्यावं लागतं.

एकवीस दिवसांना आधार नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ लोकांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही.

चांगलं चाललं होतं, गड्ड्याच्या यात्रेत पाहुणे आले आणि तुटलं. आता पुन्हा लाजिरवाणं वाटतं.

जानेवारीत यात्रा, मग लग्नसराई, मग ऊन, गणपती, दिवाळी. तुटणारच आहे, त्यात लाजायचं काय? तुटल्यावर किती दिवसांत परत उभे राहता, तेवढंच बघा. आठवडाभराचा खंड असेल तर थोडं कमी करून सुरू करा. महिन्याचा असेल तर निम्म्यावरून. आजारपणानंतर तर पुन्हा गल्लीच्या टोकापासून.

एक युक्ती सांगतो: गडबडीच्या दिवसांसाठी व्यायामाचं छोटं रूप ठेवा. खुर्चीवरून दहा वेळा उठणं, बस. धागा तुटत नाही.

वजन उतरतच नाही ओ.

नुसत्या चालण्याने फार उतरत नाही. वजन मुख्यतः ताटात ठरतं. फेरी झाल्यावर कोपऱ्यावर भज्यांची प्लेट घेतली तर विषयच संपला, आणि कडक भाकरीबरोबरच्या शेंगा चटणीवर तेलाची धार किती धरायची हे ज्याने त्याने ठरवावं. पण काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडू नका. रक्तदाब, साखर, झोप, मनाची चिडचिड यांत फरक वजन न उतरताही पडतो. वजनकाटा महिन्यातून एकदाच बघा.

बाबा निवृत्त झाल्यापासून टीव्हीपुढून हलत नाहीत. कितीही सांगा, ऐकत नाहीत. काय करू?

सांगणं थांबवा. मनगटाला बांधायचं महागडं घड्याळही आणू नका, ते कपाटात जाईल. मुलगा पुण्याहून फोनवर "बाबा चालायला जा" म्हणतो, त्याचा परिणाम शून्य. गावी आलात की "बाबा, चला, जरा पाय मोकळे करू" म्हणून बरोबर निघा. तुम्ही परत गेल्यावर बरोबर कोण, हे जाण्याआधी ठरवून जा. शेजारच्या काकांना त्यांना हाक मारायला सांगा. दारात माणूस उभा असला की नाही म्हणणं जड जातं. काम सोपवलं तर आणखी बरं: भाजी, नातू, बँकेचं पासबुक.

मात्र एक बघा. ज्या गोष्टी त्यांना आवडायच्या त्यातही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आई गेल्यापासून बोलणं कमी झालं असेल, तर त्याला आळस म्हणू नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. चालण्याने त्यातही मदत होते, पण आधी डॉक्टरांना दाखवा.

कोजागरीला तुळजापूरला चालत जायचो. पुन्हा जमेल का?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. 'फिट व्हायचंय' म्हणणारे गळतात, 'आईला चालत जायचंय' म्हणणारे टिकतात. असं ठिकाण डोळ्यांसमोर असेल तर पहाटे पांघरूण काढणं सोपं जातं.

पण सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि शेवटी, पाय थकलेले असताना, घाट लागतो. नवरात्र उजाडल्यावर सराव सुरू करणाऱ्यांचे हाल होतात. आत्ता अर्धा तास सलग चालता येत असेल तर निदान चार-पाच महिने हाताशी ठेवा. आठवड्यात चार दिवस नेहमीचं चालणं आणि रविवारी एक लांब फेरी, तीही दर आठवड्याला थोडीच वाढवायची, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायची. हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन एसटीने परत, ही मधली चांगली परीक्षा. चढासाठी आठवड्यातून एकदा जिने.

पहिल्या वर्षी निम्म्या वाटेवरून गाडी धरलीत तरी देवी रागावत नाही. तीर्थयात्रेला नवे बूट घालून निघू नका, दोन महिने वापरलेले घाला. सुती मोज्यांपेक्षा घाम न धरणारे मोजे बरे. एक जोड पिशवीत जास्तीचा ठेवा, आणि टाच चुरचुरायला लागली की फोड येण्याआधीच थांबून चिकटपट्टी लावा.